दोन्हीकडची पावलं

मी हे कोणाला पटवायला सांगत नाही. त्या दुपारचं रेकॉर्डिंग कंपनीच्या कपाटात आहे, आणि ते मीच केलंय.

तीन वर्षांपूर्वीचा बुधवार. दुपारचे तीन. मोकळं माळरान, चिटपाखरू नाही.

मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, जमिनीखालचं तेल आणि गॅस शोधायचो. पृथ्वीत विजेच्या आणि चुंबकाच्या लहरी आपोआप फिरत असतात. त्या मोजल्या की खाली काय दडलंय याचा अंदाज येतो. जमिनीत कॉइल पुरायची, वायर गाडीतल्या मशीनला जोडायची आणि गाडीच्या मागच्या भागात गप्प बसायचं. जवळपास कोणी चाललं तर दर पावलाला स्क्रीनवरची रेघ उडी मारते.

दादाचा डावा पाय अधू. रेघेवर त्याची एक उडी मोठी, एक लहान. मी म्हणायचो, "दादा, तुझी सही आली बघ."

त्या दिवशी दादा दुसऱ्या गाडीत होता. चाळीस किलोमीटर लांब, एकटा. एकाच जागी उडी दिसली तर कोणाचा तरी पाय. दोन्हीकडे एकाच क्षणी दिसली तर ती खरी लहर. हा आमचा साधा नियम.

रेघेने उडी मारली.

मग दुसरी... तिसरी...

सारख्या अंतराने. कोणीतरी चालत येत होतं.

खिडकीतून पाहिलं. कोणीच नव्हतं.

मी दादाला फोन लावला. "दादा, इथे कोणीतरी चालतंय."

"माझ्याकडेही," तो म्हणाला. मग त्याच्या स्क्रीनवर उडी दिसेल तसं सांगू लागला, "आता... आता... आता."

त्याच्या प्रत्येक 'आता'ला माझी रेघ उडत होती.

मध्ये चाळीस किलोमीटर, आणि पावलं तीच.

उड्या मोठ्या होत गेल्या. मग थांबल्या...

"दाराशी आलंय," दादा म्हणाला.

माझ्याही दाराशी.

"तू उतरू नकोस. मी बघतो."

"दादा, नको. माझी शपथ आहे."

फोनवर दार सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

माझ्या स्क्रीनवर पावलं परत निघाली. आधी ती सारखी चाल. तिच्या मागे... एक मोठी, एक लहान.

ड्रायव्हरच्या सीटवर जायला मला मागच्या दाराने उतरावं लागणार होतं. दोन तास मी दाराला हात लावला नाही. हो, मी घाबरलो. सख्ख्या भावाने हाक मारली असती तरी उतरलो नसतो, इतका घाबरलो.

मी पोचलो तेव्हा दादाच्या गाडीचं दार उघडं होतं. फोन सीटवर, अजून चालू. भोवती ओली माती, आणि तिच्यावर दारातून बाहेर जाणारं एकही पाऊल नाही.

दादा अजून सापडलेला नाही.

नोकरी मी सोडली नाही. सोडवत नाही. कारण दर रेकॉर्डिंगला ती पावलं येतात आणि माझ्या दाराशी थांबतात. दोन्हीकडे एकाच क्षणी उमटतात, म्हणून मशीन त्यांना खरं धरतं.

वहिनीला सगळं सांगितलंय. ती दर वेळी एकच म्हणते, "भाऊजी, एकदा दार उघडा ना. हेच असतील."

दादा असतो, मला माहीत आहे. त्याची सही मी ओळखतो.

पण तो मागे असतो... पुढे दुसरं कोणीतरी असतं.