नोव्हेंबरातली विशाखा

“ओ मॅडम, बत्ती बंद करा!”

अंधारातून आवाज आला आणि मी किंचाळलेच. शेंद्र्याच्या कंपनीतून उस्मानपुऱ्याला घरी निघाले होते, वाटेत स्कूटी बंद पडली म्हणून मोबाइलचा टॉर्च लावला... तर शेजारच्या माळावर सहा माणसं सतरंजीवर उताणी पडलेली!

त्यातला एक उठून बसला. “डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो. तुम्ही एका सेकंदात घालवला.”

“मला वाटलं, अपघात झाला!”

तो खळखळून हसला. हिमांशू त्याचं नाव. स्कूटी त्यानंच चालू करून दिली, पण आधी हट्टानं वर बघायला लावलं. भाद्रपदांचा मोठा चौकोन, आणि त्याच्या कोपऱ्यापासून पुढं देवयानी दीर्घिका.

“कुठंय? मला तर कायच दिसत नाय.”

“थेट नका बघू. जरा बाजूला बघा... मग दिसते.”

आणि दिसली! एवढासा पुसट ठिपका, आणि त्याचा उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला. माझं तोंड उघडंच राहिलं.

ही ऑक्टोबरातली गोष्ट. मग दर शनिवारी मी माळावर. आपण आकाशापेक्षा हिमांशूकडेच जास्त बघतोय, हे मला कळत होतं, आणि भीती वाटत होती. आम्ही बौद्ध, तो ब्राह्मणाघरचा. आडनाव कळल्यावर हळूहळू मेसेज बंद करणारा एक मुलगा मी आधी पाहिला होता. पुन्हा तसंच झालं असतं, तर मला सोसलं नसतं.

कंपनीत माझं काम सुटे भाग तपासायचं. चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. नोव्हेंबर संपताना आमच्या आकाशदर्शन गटाच्या मोतीरामकाकांनी निरीक्षणांची वही माझ्या हाती दिली, तर काय!

“काका, ही नोंद कुणाची? ‘विशाखा दिसली’ म्हणे! या महिन्यात विशाखा नक्षत्र सूर्यापाशी असतं, दिसेल कसं? आणि चारही शनिवारी तेच!”

काकांनी वहीवर लाल टॉर्च धरला आणि पुढचं वाचलं, “‘वेळ सात दहा. रस्त्याच्या बाजूनं. स्कूटीवर.’”

माझे कान तापले. माझं स्वतःचं नाव विशाखा आहे, हे मला तेव्हा कुठं आठवलं!

हिमांशू उठून रस्त्याकडं चालू लागला. मी मागोमाग.

“हे काय आहे?”

“जे दिसलं, ते लिहिलं.”

“माझं आडनाव माहितीय ना तुला?”

“माहितीय. घरीपण सांगितलंय.”

“काय सांगितलंयस?”

“तू मला आवडतेस... लई आवडतेस. आई बोलते. बाबा तीन आठवडे झाले, बोलत नाहीत.”

“अरे, मला विचारायच्या आधी?”

“तुला विचारलं असतं, आणि मग घरी सांगायला घाबरलो असतो तर? तुला अर्ध्यात सोडायचं नव्हतं, विशाखा.”

तीन आठवडे हा मुलगा घरात अबोला सोसत होता, आणि इथं मला हसत हसत शर्मिष्ठेचे तारे दाखवत होता! मला रागही आला, रडूही आलं.

“उद्या दुपारी आमच्याकडं जेवायला ये,” मी म्हणाले.

“उ... उद्या?”

“व्हय, उद्या. पप्पांना मी आजच सांगते. आणि त्यांनीपण अबोला धरला ना... तर आता दोघांनी मिळून सोसायचा.”