देहवहीतली एक ओळ

ही गोष्ट २०४७ सालच्या भाद्रपदातली. पर्युषण पर्वाचे चार दिवस झाले होते. तासगावच्या आरोग्य केंद्राबाहेर बाकावर माणसं आपापली देहवही मांडीवर घेऊन बसली होती, पूर्वी रेशनकार्ड घेऊन बसत तशी.

देहवही येऊन पाच वर्षं झाली होती. रक्ताचा एक थेंब यंत्रात सोडला की ते त्यातल्या स्मृतिपेशी वाचून काढी. शरीर एकदा ज्या रोगाशी झुंजतं, त्याची ओळख या पेशी जपून ठेवतात, काही तर जन्मभर. यंत्र ती ओळख अक्षरांत उतरवून देई: गोवर, वय चार, कांजिण्या, वय नऊ. कुठला ताप कुठल्या मुलखातला, तेसुद्धा. त्यापायी गेल्याच महिन्यात बंडू कुंभाराच्या घरी भांड्याला भांडं लागलं होतं. मुलाखतीला सोलापूरला जातो म्हणून सांगून गेलेल्या बंडूच्या वहीत गोव्याचा ताप निघाला होता.

"तोंड गप्प बसतंय हो बाई, रक्त बसत न्हाई," शेजारी बसलेल्या हेमलता मगदूमना बंडूची बायको सांगत होती. "सोलापूर म्हणं! सोलापुरात समुद्र कधी आला?"

हेमलताबाई पोट धरून हसल्या. वय बहात्तर, त्यातली तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर गेलेली. हसत असतानाच फोन वाजला. मिरजेहून नणंदेचा मुलगा सन्मती बोलत होता.

"मामी, आईला दवाखान्यात ठेवलंय. नवा कोरोना आहे. डॉक्टर म्हणतात, एकवीस साली मामांच्या घरात जे होते त्यातलं कुणीतरी हवं." तो थांबला. "म्हणजे तुम्हीच. येता का हो?"

त्या घरात तेव्हा तिघंच होते. नवरा सुकुमार, पाडव्याला मिरजेहून आलेली नणंद पद्माक्का आणि हेमलताबाई. सुकुमार त्या एप्रिलमध्येच गेले. पद्माक्का सव्वीस दिवस ऑक्सिजनवर काढून वाचल्या. हेमलताबाईंना दोन दिवस खोकला आला, बस्स. तेव्हा शाळा बंद होत्या आणि त्या सर्वेक्षणाच्या कामावर घरोघर ऑक्सिमीटर घेऊन हिंडत होत्या. त्यामुळे रोग कुणी आणला, हे पद्माक्कांनी ठरवायला वेळ लावला नाही. "माझ्या भावाला हिनं खाल्लं. स्वतः बघा, कशी ठणठणीत!" एवढं बोलून त्यांनी बोलणंच टाकलं. दरवर्षी पर्युषण संपलं की क्षमावाणीला सगळा जैन समाज एकमेकांपुढे हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणे, तेव्हा आक्का हेमलताबाईंना ओलांडून पुढच्या बाईपुढे उभ्या राहत.

हेमलताबाई उलट कधी बोलल्या नाहीत. कारण त्यांनाही तसंच वाटत होतं.

"निघालेच," त्या म्हणाल्या.

मिरजेच्या दवाखान्यात आक्कांच्या नाकाला नळी होती, चेहरा सुकलेल्या लिंबासारखा झाला होता, पण डोळे तेच. हेमलताबाई पलंगाजवळ गेल्या.

"वन्सं, बरं वाटतंय का?"

आक्कांनी बघितलं. धाप आवरत त्या सव्वीस वर्षांतलं पहिलं वाक्य बोलल्या. "या खेपेला काय आणलंस?"

सन्मतीची मान खाली गेली. हेमलताबाईंनी पांघरूण सारखं केलं आणि त्या बाहेर आल्या.

बाहेर डॉ. रुबिना शिकलगार उभी होती. तिशीतली, बोलायला मोकळी.

"बाई, यांच्या शरीरात ताकद कमी नाही, उलट जास्त आहे. फक्त ती चुकीच्या जागी लागतेय. नवा विषाणू जुन्याच घराण्यातला आहे, पण तोंडवळा बदललेला. यांच्या शरीरावर पहिल्या दुखण्याची छाप इतकी खोल बसलीय, की ते अजून त्या जुन्यालाच मारत सुटलंय. जुनी प्रतिपिंडं ढिगानं तयार होतात, नव्याला धरत नाहीत. आणि या मारामारीत फुप्फुसं जळतात."

"प्रतिपिंडं म्हणजे विषाणूला पकडणारे हातच ना?"

"तेच. दुसऱ्या आठवड्यात माणसं जातात ती बहुतेक अशी. विषाणू ओसरलेला असतो, आपलंच सैन्य थांबायला तयार नसतं."

हेमलताबाईंना तो एप्रिल आठवला. नवव्या दिवशी सुकुमारांचा ताप उतरला होता. उठून बसले, दोन भाकरी मागितल्या, आपल्या दुरुस्तीच्या दुकानात कुठल्याशा पंपाच्या मोटारीचं वाइंडिंग अर्धवट राहिलंय म्हणून कुरकुरले. अकराव्या दिवशी धाप लागली. ताप उतरला म्हणून आपण गाफील राहिलो, हे त्यांनी इतकी वर्षं मनात कोंडून ठेवलं होतं.

"मग मला त्यानं दोन दिवसांच्या खोकल्यावरच कसं सोडलं?"

"पहिलीचा वर्ग ना तुमचा? पोरांच्या सर्दीत साधे कोरोना असतात. तोवर अठरा-वीस वर्षं शेंबडी पोरं पुसली होती तुम्ही. तुमच्या शरीराला हे घराणं आधीच माहीत होतं. घाबरलं नाही, नेमकं लढलं आणि थांबलं." रुबिना हसली. "तुमच्या पेशी दाखवतील ते बघून आम्ही इथंच प्रतिपिंडं तयार करू. आणि आक्कांच्या कुठल्या पेशी शांत करायच्या, ते दोघींचं वाचन शेजारी ठेवून कळेल. एकच विषाणू, एकच घर, म्हणून तुम्ही हव्यात. त्यांच्यापाशी चार दिवस असतील, फार तर."

"घे की गं मग. किती लागेल तेवढं घे."

दुसऱ्या दिवशी दुपारी रुबिनानं त्यांना वाचन दाखवायला बोलावलं. पडद्यावर रेघांच्या दोन रांगा होत्या.

"वा, छान जुळलंय! हे बघा. विषाणू स्वतःची नक्कल करत वाढतो, आणि नक्कल करताना कधी चुकतो. आक्कांच्या पेशींना दोन्ही रूपं आठवतात, मूळ आणि चुकलेलं. तुमच्या पेशींना फक्त चुकलेलं."

हेमलताबाईंना पुढचं सांगावं लागलं नाही. दोन पोरांच्या पाटीवर एकच चूक असली, की कुणी कुणाचं बघून लिहिलं हे बाईंना पाटी हातात घेतल्याबरोबर कळतं. ज्याच्या पाटीवर खाडाखोड, ते त्याचं. नुसतीच चूक असलेला बघून लिहिणारा.

"म्हणजे आधी त्यांना झालं," त्या हळू म्हणाल्या. "त्यांच्याकडून मला."

"अठ्ठ्याण्णव टक्के खात्रीनं." रुबिनाला घरचं काही ठाऊक नव्हतं. "ही 'कुणाकडून' ओळ दोघींच्या वहीत जाते. तुमची संमती नसेल तर कोरी ठेवता येते. काय करू?"

हेमलताबाई खुर्चीत बसल्या. सव्वीस वर्षांचं ओझं उतरलं की माणूस हलकं होतं म्हणतात. हेमलताबाईंना ते आता आक्कांच्या छातीवर पडताना दिसलं.

"राहू दे सध्या. आधी त्या जगू देत."

औषध दिलं. तिसऱ्या दिवशी आक्कांची धाप बसली, सहाव्या दिवशी नळी निघाली. क्षमावाणीच्या सकाळी हेमलताबाई गेल्या तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या.

"ये, बस. सन्मती सांगत होता, तुझ्या रक्तावरनं औषध केलं म्हणे."

"तसंच काहीसं, वन्सं."

आक्कांनी हात जोडले नाहीत. आशीर्वाद द्यावा तसा एकच हात वर केला. "आज दिवस मोठा हाय. जा, केली तुला क्षमा. भाऊ गेला तो गेला. मला तरी वाचवलंस."

हे शब्द ऐकायला हेमलताबाईंनी एके काळी काय दिलं नसतं! आता ते कानात खड्यासारखे टोचले.

"मी क्षमा मागितली नाही, वन्सं."

"म्हणजे?"

"मी आणला नव्हता. वाचनात निघालं तसं."

"मग कुणी आणला?"

घरात तिघंच. सुकुमारांचं दुकान तेव्हा बंद होतं, ते उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. हा हिशेब पहिलीच्या पोरालाही जमला असता.

"ते यंत्राला कळत नाही," हेमलताबाई म्हणाल्या.

आक्कांचा अंगठा बोटांवरून फिरला आणि तिसऱ्यावर थांबला.

"एवढी पोरं शिकवलीस, पण खोटं बोलायला नाही शिकलीस." आक्कांनी तोंड खिडकीकडे केलं. "एसटीत बसले तेव्हाच अंग मोडून आलं होतं गं. पाडव्याला भाऊ वाट बघत असेल, म्हणून आले. म्हटलं, उन्हाचं असेल."

"मलाही तसंच वाटलं असतं."

"आणि मी तुला..." आक्कांनी पेल्याकडे बोट दाखवलं. "पाणी दे."

हेमलताबाईंनी पेला ओठाला लावला. आक्कांनी पिताना त्यांचं मनगट धरलं, आणि पेला रिकामा झाला तरी सोडलं नाही.

ती ओळ कोरीच राहिली. पद्माक्का पुढे चार वर्षं जगल्या. दर पाडव्याला तासगावी येत आणि आमटीत मीठ कमी पडलं म्हणून भांडत. बंडूची देहवही त्याच्या बायकोनं स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. डॉ. रुबिना सरकारी समितीवर गेली. २०५३ साली 'कुणाकडून' ही ओळ सक्तीची करायचं ठरलं, तेव्हा एकटीनं विरोध नोंदवून ती परत आपल्या वॉर्डात आली.

जुनी वाचनं पुन्हा तपासली गेली. ज्याच्या त्याच्या फोनवर मोहोरबंद ओळ आली, गेलेल्यांची वारसाच्या फोनवर, स्वतःच्या अंगठ्यानं उघडायची. हेमलताबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी आपली उघडली नाही. त्यातलं त्यांना ठाऊक होतं.

एका रविवारी सन्मती आला. चहा निवला तरी त्यानं कप उचलला नाही. एकवीसच्या त्या एप्रिलमध्ये तो पुण्याहून मिरजेला घरी आला होता. दोन दिवस नुसता घसा धरला होता. तिसऱ्या दिवशी आईनं तासगावची एसटी पकडली होती.

आईची ओळ आलेला फोन त्यानं दोघांच्या मध्ये ठेवला आणि अंगठा काचेवर नेऊन अधांतरी धरला.

"मामी," तो म्हणाला, "उघडू का?"