ढगाला काढलेले डोळे

मयताच्या फोटोत मच्छिंद्रचा हात धरणारा अख्ख्या नगरात कुणी नव्हता. जिवंतपणी ज्याचा फोटो कधी निघालाच नाही, त्याचा मेल्यावरचा फोटो हा काढायचा आणि मग कागदावर ब्रशनं, काळ्या शाईनं, मिटलेले डोळे उघडे करून द्यायचा. भिंतीवरचा माणूस घरच्यांकडं बघतोय असं वाटायला नको का?

बाहत्तर साल. पावसाचं नाव नाही. अशात एका दुपारी माळीवाड्यावर ढग चढला. बाप रे, केवढा तो! लोक गच्च्यांवर धावले. मच्छिंद्रही कॅमेरा घेऊन माडीवर गेला. खाली त्याची बायको पुष्पावती तापानं फणफणलेली. शेजारच्या राहीबाई उशाशी बसल्या होत्या, म्हणून तरी त्याचा पाय निघाला.

वारा पडलेला. ओल्या मातीचा वास येत होता, थेंब मात्र एक नाही. देवळाच्या कळसापासून मशिदीच्या मिनारांपर्यंत सगळं शहर त्या काळ्या पोटाखाली गप्प बसलं होतं. त्यानं खटका दाबला.

डार्करूममध्ये, लाल दिव्याखाली, कागदावर आधी छपरं उमटली. मग ढग. आणि ढगात तोंड... कपाळावरचं गोंदण, बारीक हनुवटी. पुष्पावती. डोळे मिटलेले.

मिटलेले डोळे म्हणजे काय, हे मच्छिंद्रला कुणी सांगायला हवं होतं? त्यानं फोटो कसाबसा वाळवला आणि हाताच्या सवयीनं दोन डोळे काढले. टक्क उघडे.

तेवढ्यात राहीबाईंनी हाक मारली. ताप उतरला होता, पुष्पावती उठून बसली होती. मच्छिंद्र लहान पोरासारखा रडला.

पण त्या रात्री ती निजली नाही. पुढंही नाही. पापणीच लवेना. डॉक्टरांनी थेंब घातले, राहीबाईंनी फडकं बांधलं. फडक्याखाली डोळे सताड उघडे. आणि ढग... तोही बरसेना, हलेना.

शेवटी ती हळूच म्हणाली, "लई दमले वो. तुमीच काढले न्हवं... पुसा की आता."

फोटोचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. पुसावं तर ती जाणार, न पुसावं तर हे असं जगणं. दिवसभर तो फोटो मांडीवर घेऊन बसला. तिचे हाल बघवेनात, तेव्हा त्यानं ओला कापूस फिरवला.

शाई सगळी कापसावर आली. खाली मिटलेल्या पापण्या नव्हत्या. डोळे होते, उघडे. त्यानं न काढलेले.

"पुसले का वो...?" पुष्पावतीनं विचारलं.

मच्छिंद्रनं कापूस पुन्हा ओला केला.