चुकोबाची वही

जिन्याच्या वळणावर ती त्याला धडकली तेव्हा तिच्याकडे अठरा हात होते. स्वतःचे दोन वेगळे.

अठराही पिशवीत होते. कापडी, कापूस ठासून भरलेले, वीतभर लांबीचे आणि नखंसुद्धा गुलाबी रेशमाने भरलेले. धडकेसरशी पिशवी उपडी झाली आणि सगळे हात एकामागोमाग एक पायऱ्या उतरून खाली गेले. समोरच्या माणसाच्या काखेत भिंतीवरचं घड्याळ होतं. त्याने ते आधी पायरीवर नीट टेकवलं, खाली जाऊन हात गोळा केले, कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं आणि त्यातला एक हात बराच वेळ न्याहाळला.

"हे सगळे एकाच माणसाचे?" त्याने विचारलं.

"नऊ जणांचे आहेत," ती म्हणाली.

"मग नऊही जणांचं कठीण आहे."

"का?"

"सगळे डावे आहेत."

तिने पाहिलं. खरंच की. अर्धे हात कापून झाल्यावर पुठ्ठ्याचा साचा पालटायचा असतो, म्हणजे नखं दुसऱ्या बाजूला येतात. दहा वर्षं बाहुल्या करणारी ही बाई साचा पालटायला विसरली होती. तिचे कान तापले.

"एवढं मनाला लावून घेऊ नका," तो घड्याळ उचलत म्हणाला. "टाळी वाजवता येणार नाही, एवढंच."

वरच्या मजल्यावरून कुणीतरी फस्सकन हसलं. वहिनी होती. आता हा किस्सा संध्याकाळपर्यंत सहाही घरांत पोचणार, यात शंका नव्हती.

त्या इमारतीत सहा घरं होती. काही सख्खी, काही चुलत आणि काही भाडेकरू म्हणून येऊन नातेवाईक होऊन बसलेली. सगळ्यांची मिळून दहा मुलं, आणि दहाही घरीच शिकत. मोठे काका पाढे घेत, दुसऱ्या मजल्यावरची काकू झाडं-पानं शिकवी, वहिनी वाचन घेई आणि वेळापत्रक ठरवी. वेळापत्रकापुढे काकांचंही काही चालत नसे. आणि ही, नात्याने कुणाचीही कुणीही असली तरी मुलांची सरसकट 'आत्या', मागच्या खोलीत बाहुल्या शिवून विके आणि त्याच बाहुल्यांकडून मुलांना बेरजा-वजाबाक्या नि चांगल्या सवयी शिकवी.

त्या संध्याकाळी तिने हात मोजले. सतरा भरले. म्हणजे आपल्याला मोजताही येत नाही, असं म्हणून ती आणखी चिडली, आणि त्या चिडीतून चुकोबा जन्माला आला.

चुकोबाला दोन डावे हात होते. फुकट जाणारे कुठेतरी लावायलाच हवे होते. एक डोळा साध्या बटणाचा आणि दुसरा कोटाच्या भल्या मोठ्या बटणाचा, भिंग लावल्यासारखा. नाक किंचित डावीकडे कललेलं. आत्याने ते आठवून आठवून तीनदा उसवलं होतं, हुबेहूब येईपर्यंत. हा चुकोबा सगळंच चुकवी. कानात मोजे घाली, सातानंतर नऊ म्हणे, दार ढकलायचं तिथे ओढी. दर आठवड्याला तो एकेका मुलाच्या घरी राहायला जाई. सोबत एक वही. त्या मुलाने चुकोबाच्या चुका वहीत लिहायच्या, शुक्रवारी सगळ्यांसमोर वाचायच्या आणि प्रत्येक चुकीनंतर विचारायचं, "बरोबर काय?" मग सगळ्यांनी ओरडून बरोबर उत्तर द्यायचं.

ज्यांना वजाबाकी म्हटलं की पोटात दुखायचं, ती मुलं चुकोबाची चूक काढण्यासाठी पाटी घेऊन धावत यायची. पोरं खदखदून हसत. आत्याही हसे. तो माणूस आपल्याला पुन्हा दिसायचा नाही, या भरवशावर हसे.

महिन्याभराने दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोल्यांत एक आई आणि तिची पाच वर्षांची चिमणी राहायला आल्या. घरशाळेत अकरावं मूल आलं. सामान उचलायला चिमणीचा मामा होता. कपाळावर भिंग, काखेत तेच घड्याळ.

"चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे त्याचं," वहिनीने आनंदाने जाहीर केलं. "दर मंगळवारी मुलांना वेळ शिकवेल. मी ठरवून टाकलंय."

आत्याला वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं. पण ती तिसऱ्या मजल्यावर राहत होती. धरणी लांब पडली असती.

पहिल्या मंगळवारी तो दहा मिनिटं उशिरा आला.

"दुकानात चाळीस घड्याळं आहेत ना हो तुमच्या?" वहिनीने विचारलं.

"चाळीस जण चाळीस वेळा दाखवतात," तो म्हणाला. "मी सरासरी काढतो."

तास संपताना एका पोराने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालं, "आत्या, हा मामा कुणासारखा तरी दिसतो."

त्याच दुपारी आत्याने चुकोबाला फडताळात वरच्या फळीवर, फलालीच्या कापडाच्या गठ्ठ्याखाली कोंडलं आणि मुलांना सांगितलं की चुकोबा आजारी आहे. दुसऱ्या दिवशी मुलांची पत्रं आली. एकाने इंजेक्शनचं चित्र काढलं होतं. एकाने अर्धं बिस्किट आणलं होतं, अर्धंच, कारण उरलेलं वाटेत चुकून खाल्लं गेलं. आत्याला इतकी लाज वाटली की तिने स्टुलावर चढून ते बिस्किट खरोखरच चुकोबाजवळ नेऊन ठेवलं.

प्रकरण एवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण तिसऱ्या मंगळवारी मामाने मुलांना विचारलं, "एक मिनिट म्हणजे केवढं?" सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि मिनिट झालं असं वाटलं की हात वर करायचा. आत्या दारात उभी होती, दातांत सुई-दोरा धरून. तिनेही मिटले. पोरांची चुळबुळ थांबली, काकांचं खोकणंही ऐकू येईना… तिने हात वर केला आणि डोळे उघडले. मुलं केव्हाचीच खाली खेळायला पळाली होती. खोलीत तो एकटाच होता, आणि तिच्याकडे बघत होता.

"किती झालं?" तिने सुई काढून विचारलं.

"साडेचार मिनिटं."

"मग थांबवलं का नाही?"

"थांबवणार होतो…" तो म्हणाला. भिंग उगीचच कपाळावरून काढून शर्टाला पुसू लागला. भिंगाशिवाय त्याचे दोन्ही डोळे अगदी सारख्या मापाचे होते. "राहून गेलं."

ती सुईचा दोरा बोटाला गुंडाळू लागली. बोलायला जावं तर तोंडातून चुकोबाच बाहेर पडेल अशी तिला भीती वाटली.

"मुलं म्हणतात, कुणीतरी आजारी आहे तुमच्याकडे," तो म्हणाला.

"हो… आहे एक नातेवाईक."

"जवळचे?"

"आधी नव्हते," ती खाली बघत म्हणाली. "आता दिवसेंदिवस होत चाललेत."

"मला भेटता येईल?"

"नको," ती इतक्या जोरात म्हणाली की तो दचकला. "म्हणजे… संसर्ग होतो."

त्या शुक्रवारी संध्याकाळी तिने फडताळ उघडलं तर गठ्ठ्याखाली चुकोबा नव्हता. वहीही नव्हती. अर्धं बिस्किट तेवढं होतं.

"या आठवड्यात माझी पाळी होती ना," चिमणी म्हणाली. स्टूल तिनेच ओढलं होतं. "त्याला बरं नव्हतं, म्हणून दवाखान्यात नेलं."

"कुठल्या दवाखान्यात, बाळा?"

"मामाच्या. मामा सगळं दुरुस्त करतो."

आत्याने फडताळ लावून घेतलं. मग वहिनीच्या स्वयंपाकघरात जाऊन तिने सगळं सांगून टाकलं. अठरा डावे हात, कोटाचं बटण, तीनदा उसवलेलं नाक, साडेचार मिनिटं. वहिनी भांडी पुसत ऐकत होती.

"नाक बघूनच ओळखलं होतं मी," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"अगं, मजा येत होती."

"वहिनी, मी त्या माणसाचं अकरा पोरांसमोर हसं केलं. एक महिना. आणि आता मला…"

"आता तुला तो हवाय," वहिनीने ताटली फडताळात ठेवली. "चुकोबाच शोभतेस."

पुढचा आठवडा आत्या जिना टाळत राहिली. मंगळवारी तर डोक्यावरून पांघरूण घेऊन पडली. मुलांमध्ये बातमी पसरली की चुकोबाची साथ आत्यालाही लागली. पुन्हा पत्रं आली. पुन्हा अर्धं बिस्किट. ती पांघरुणात कुढत पडली. तो आता काय म्हणेल? काही म्हणणारच नाही, हे त्याहून वाईट. चिमणीला घरशाळेतून काढतील. आणि दर मंगळवारी दहा मिनिटं उशिरा वाजणारी ती पावलं जिन्यात पुन्हा ऐकू येणार नाहीत. साऱ्या विचारांत हा शेवटचा तिला सोसवत नव्हता.

शुक्रवारी अकराही मुलं गोल करून बसली. चिमणी चुकोबाला कडेवर घेऊन आली, आणि तिच्यामागून मामा आला, अगदी वेळेवर. तेव्हाच आत्याने ओळखलं, आता आपली धडगत नाही.

चुकोबाचा मोठा डोळा बदलला होता. कोटाच्या बटणाच्या जागी घड्याळातलं पितळी चाक होतं, बारीक, एकसारख्या टाक्यांनी बसवलेलं. जुनं बटण सैल झालं असावं. म्हणजे त्याने चुकोबाला हातात घेतलं होतं, भिंगाखाली धरलं होतं. ते नाकही.

"चिमणीला अजून लिहिता येत नाही," तो म्हणाला. "ती सांगत होती, मी लिहीत होतो. मधूनमधून मीही सांगत होतो."

वही वहिनीच्या थोरलीकडे गेली. ती दहा वर्षांची होती आणि काहीही वाचताना बातम्यांचा आवाज काढत असे.

"सोमवार," तिने सुरू केलं. "चुकोबाने गिऱ्हाइकाच्या घड्याळात काटे उलटे बसवले. बरोबर काय?"

"सुलटे!" पोरं ओरडली.

"मंगळवार. चुकोबाने एका बाईला पहिल्याच भेटीत तिची चूक दाखवली आणि वर विनोद केला. बरोबर काय?"

"सॉरी म्हणायचं!"

आत्या भिंतीला चिकटली होती. आणखी मागे सरकायला जागा नव्हती.

"बुधवार. चुकोबाने आरशात पाहिलं, तर स्वतःच दिसला. राग यायला हवा होता, पण आला नाही. आपलं नाक कुणी इतक्या बारकाईने पाहिलं असेल, असं त्याला वाटलं नव्हतं. बरोबर काय?"

यावर मुलांत फूट पडली. काहींच्या मते राग यायला हवा होता. काहींच्या मते नाक पुसायला हवं होतं.

"गुरुवार. चुकोबा दर मंगळवारी उशिरा पोचला, कारण तो जिन्याच्या वळणावर दहा मिनिटं उभा राहत असे. तिथे एक बाई एकदा धडकली होती, ती पुन्हा धडकेल म्हणून. बरोबर काय?"

"सरळ वर यायचं!"

"शुक्रवार," थोरलीचा बातम्यांचा आवाज जरा मऊ झाला. "जे सांगायचं होतं ते चुकोबाने वहीत लिहिलं. बरोबर काय?"

"तोंडाने सांगायचं!" अकरा गळे एकदम.

तो उठला. त्याचे कान लाल झाले होते. तो तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "थांबा. आधी माझी."

ती गोलाच्या मधोमध येऊन बसली, जिथे एरवी चुकोबाला बसवत. कुणाकडे बघायचं ते तिला कळेना, म्हणून तिने पितळी चाकाकडे पाहिलं.

"आत्याने अठरा डावे हात शिवले," ती म्हणाली. "एका माणसाने ते सांगितलं म्हणून तिने त्याची बाहुली केली आणि तुम्हाला त्याला हसायला लावलं. मग ती लपवली आणि कुणीतरी आजारी आहे असं तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही पत्रं लिहिलीत, ती तिने ठेवून घेतली. आणि… एवढं सगळं करून तिला तो माणूस आवडायला लागला. फार. हे त्याला सांगायचं तर ती पांघरूण घेऊन पडली." तिचा आवाज पार खाली गेला. "बरोबर काय?"

पोरांनी आधी बोटांवर हिशेब केला. मग एक जण म्हणाला, "नऊ डावे, नऊ उजवे."

"खोटं नाही बोलायचं," दुसरी म्हणाली.

"माझं बिस्किट परत द्यायचं," तिसरा म्हणाला. "दोन्ही अर्धी."

थोरली नियमाची पक्की होती. एकही चूक सुटता कामा नये. "आणि तो माणूस आवडायला लागला, त्याचं बरोबर काय?"

चिमणीने चुकोबाकडे पाहिलं, मग मामाकडे, मग पुन्हा चुकोबाकडे.

"त्यात चूक कुठंय?" ती म्हणाली.

मामाने खिशात हात घातला आणि एक कापडी हात बाहेर काढला. डावा. मळून करडा झालेला, पण नखं शाबूत.

"सतरा भरले असतील ना?" तो म्हणाला.

"मला वाटलं, मीच मोजायला चुकले."

"काचा पुसायला ठेवला होता. नंतर पुसवेना. दर मंगळवारी परत करायला आणतो आणि…" त्याने मुलांकडे पाहिलं. मुलं वाट बघत होती, काही सुटका नव्हती. "मला तू आवडतेस. त्या दिवसापासूनच. हा घे तुझा हात."

तिने तो घेतला नाही. त्याची बोटं त्या हातावर मिटवून दिली आणि तिची बोटं हवं त्यापेक्षा जरा जास्त वेळ तिथेच राहिली.

"असू दे तुझ्याकडेच," ती म्हणाली. "त्याच्या जोडीचा उजवा अजून शिवायचाय."

"कधी होईल?"

"मंगळवारपर्यंत. वेळेवर आलास तर मिळेल."

मंगळवारी तो पुन्हा दहा मिनिटं उशिरा आला. या खेपेला आत्याही उशिरा आली. थोरलीने कर्तव्य म्हणून वहीत नोंद केली: "दोघंही जिन्याच्या वळणावर होती. बरोबर काय?"

मुलं ओरडायच्या आतच वहिनीने वही मागून घेतली, चष्मा लावला, ती ओळ दोनदा वाचली आणि तिच्यासमोर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली.