कॉलरमधली मोहरी

"पॉकेट्स इनसाइड आउट, प्लीज."

साउथहॅम्प्टनच्या गोदीतल्या त्या लांबलचक शेडमध्ये कस्तुरी सकाळपासून हेच वाक्य बोलत होती. हातात व्हॅक्युम क्लीनरची नळी, वर पत्र्यावर ऑक्टोबरचा पाऊस ताशा वाजवतोय, आणि समोर अंटार्क्टिकाला निघालेल्या मंडळींची रांग. पुढच्या महिन्यात त्यांचं जहाज सुटणार होतं. तोवर प्रत्येकाच्या कपड्यांतून, बुटांतून, खिशांतून बी न् बी शोधून काढायचं, हे तिचं काम. तिच्या रिसर्चचा विषयच तो होता.

रांगेतला उंच मुलगा मात्र मोबाइलवर रंगात आला होता.

"ठेवतो आई. इथं एक बया माझे खिसे झाडून राहिली."

कस्तुरीनं नळी बंद केली. "बया नाही. कस्तुरी. आणि खिसे झाडायचेच मला पैसे देतात."

मुलगा कानापर्यंत लाल झाला. "अरे बाप्पा... तुम्ही मराठी?"

"मम्मी-बाबा पुण्याचे. मी इथलीच. आणि तुम्ही नको, तू म्हण. तुझं नाव काय?"

"अनुप. अनुप दाणी. नागपूरचा."

तिनं खिशातून निघालेला ऐवज पांढऱ्या कागदावर ठेवला. बडीशेप, तीळ, संत्र्याची वाळकी बी. मग तिला हसू आवरेना. "आडनाव दाणी... आणि खिशात दाणे!"

तोही हसला. हसताना त्याचा एकच गाल खळीला राजी होत होता, दुसरा नव्हता. हे कस्तुरीनं कशाला बघितलं? रांगेत अजून वीस माणसं उभी होती. पण बघितलं खरं.

अनुप रीडिंग गावातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा. आता अंटार्क्टिकावरच्या संशोधन केंद्रातली यंत्रं सांभाळायला निघाला होता, तो थेट पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यानंतर परतणार. जहाज सुटेपर्यंत सगळ्यांचं ट्रेनिंग साउथहॅम्प्टनलाच होतं. मग काय, कधी कँटीनमध्ये चहा, कधी धक्क्यावर फेरी, कधी पावसात एकाच छत्रीत बस स्टॉपपर्यंत... छत्री कस्तुरीची. त्याच्याकडेही होती, ती बॅगेतच राहायची.

"कुठे आहेस?" एकदा तिनं फोनवर विचारलं.

"बसची वाट बघून राहिलो."

"वाट म्हणजे रोड ना? मग रोड कशाला बघतोस?"

"अगं, वाट बघणं म्हणजे वेट करणं. वाट लागणं वेगळं, वाट लावणं त्याहून वेगळं. आज माझ्या बुटांची वाट लागली, चिखलानं."

"वन वर्ड, आणि इतके मीनिंग्ज? फार अनफेअर आहे हा भाषा."

"ही भाषा."

"बघ! म्हणूनच मी अर्धा वेळ बोलतच नाही."

"नको, बोल," तो म्हणाला. "चुकत चुकत बोल. मला... आवडते." आणि लगेच बस कुठाय, बस कुठाय, असं करत त्यानं विषय बदलला.

एका संध्याकाळी तिनं त्याला लॅबमध्ये बोलावलं. कोल्ड स्टोअरमधला बर्फाचा एक निकामी तुकडा तिला मिळाला होता. अंटार्क्टिकाच्या पोटातून खोल भोक पाडून काढलेला. तिनं तो घरून आणलेल्या स्टीलच्या वाटीत पाण्यात सोडला.

"कान जवळ आण. आता बोलू नको."

दोघांची डोकी वाटीवर वाकली. क्षणभर काहीच नाही. मग... तड्. तड्-तड्. फोडणीत मोहरी पडावी तसा आवाज.

"काय आहे हे?"

"हवा," ती कुजबुजली. "बर्फात ट्रॅप झालेला हवा. आता सुटतोय. माणसं शेती करायला शिकली ना, त्याच्या पण आधीचा. तेव्हापासून कोणी तो श्वासात घेतला नाही, अनुप. आपण पहिले."

अनुपच्या अंगावर सरसरून काटा आला. तिला तो त्याच्या मनगटावर दिसला. तड्, तड् करत तो बर्फाचा पुराणपुरुष वाटीत विरघळत होता आणि दोघंही श्वास घ्यायचंसुद्धा विसरले होते. मग दोघांनी एकदमच घेतला, आणि एकदमच हसले.

"मी तर चार पैसे आणि फोटो मिळतील म्हणून निघालो होतो," तो हळूच म्हणाला.

"ती जागा कोणाचीच नाही, माहितेय? अमेरिका आणि रशिया एकमेकांचं तोंड बघत नव्हते, तेव्हा पण दोघांनी एकाच करारावर सही केली. म्हणाले, इथे लढाई नाही. नंतर सगळे म्हणाले, इथे खोदायचं पण नाही. स्लेज ओढणारी कुत्री होती ना, ती पण बाहेरची म्हणून घरी पाठवली. इतकी मोठी जमीन आणि सगळे देश तिथे पाहुणे! माणसांनी असं कधी केलंय कुठे?" तिचे डोळे चमकत होते. मग तिनं वाटीतल्या उरलेल्या बर्फाकडे बोट केलं. "पण पाच वर्षांपूर्वी एक आख्खा बर्फाचा पठार समुद्रात कोसळला. शहरं मावतील इतका मोठा. काही आठवड्यांत गेला. आणि आता टुरिस्ट, जहाजं, तेल... इथे फुटपाथच्या फटीत गवत उगवतं ना, साधं? ते पोहोचलंय तिकडे. कोणाच्या तरी बुटातून."

"वाट लावली म्हण ना आपण त्याची."

"हो. वाट लावली," तिनं शब्द घोळवून पाहिला. "म्हणून मी खिसे झाडते. ऊन, वारा मला थांबवता येत नाही. बी थांबवता येतं."

अनुप तिच्याकडे बघतच राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच्या बुटांच्या खाचा टूथब्रशनं घासू लागला, आणि इतरांच्याही.

बघता बघता नोव्हेंबर उजाडला आणि जहाज सुटायचा दिवस आला. निघण्यापूर्वीची शेवटची तपासणी होती. अनुपचं जॅकेट कस्तुरीच्या टेबलावर आलं. खिसे लख्ख होते. शिवणी लख्ख. आणि कॉलर...

कॉलरमध्ये बोटांना काहीतरी लागलं. अस्तराला आतून बारीक हातशिलाई होती. तिनं दोन टाके उसवले. चिमुकली कापडी पुडी निघाली आणि तिच्यात मीठ आणि मोहरी.

लपवून बी नेताना कोणी सापडलं, तर तो माणूस जहाजावर चढत नाही, असा मोहिमेचा नियम होता. अनुप शेडच्या दुसऱ्या टोकाला सामान बांधत होता. तिनं नुसती हाक मारली असती, तरी तो राहिला असता. इथेच. रीडिंग तर ट्रेननं तासाभरावर. शनिवार-रविवार, छत्री, चहा... बाई गं, काय काय डोळ्यांपुढे आलं तिच्या! आणि नियम तिच्याच बाजूचा होता. एवढी प्रामाणिक राहून एवढं सुख कुणाला मिळतं?

पुडी मुठीत धरून ती त्याच्याकडे गेली. "हे काय आहे?"

अनुपचा चेहरा पांढराफटक पडला. "आईनं... जॅकेट गावाकडून तिनंच पाठवलं. दृष्ट लागू नये म्हणून शिवलं असेल. आईशप्पथ कस्तुरी, मला माहीत नव्हतं." त्यानं हातातली सामानाची दोरी सोडून दिली. "पण तू सांग त्यांना. सांगायलाच हवं. एक दाणा जरी तिथं..."

त्या वाक्यानंच तिचा निर्णय झाला.

मोहिमेच्या प्रमुख मिसेस हॅलोरन यांच्यापुढे तिनं पुडी ठेवली आणि सगळं सांगितलं. आई, दृष्ट, शिलाई, सगळं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "त्याला माहीत नव्हतं, असं तुझं म्हणणं. बियांचं तुला कळतं. तू त्याला पाठवशील?"

कस्तुरीनं पुडीकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "त्याच्याइतकी त्या जागेची काळजी घेणारा दुसरा कोणी नाही. तो जाऊ दे."

बाईंनी होकार दिला आणि पुडी नष्ट करायला तिच्याकडेच परत दिली. आणि बाहेर येऊन कस्तुरी क्रेनच्या आडोशाला मनसोक्त रडली.

धक्क्यावर भुरभुर पाऊस होता. अनुप फोन पुढे करत म्हणाला, "आई हटून बसली आहे. मोहरी नाही तर जायचं नाही म्हणते."

कस्तुरीनं फोन घेतला. "काकू, नमस्कार. मोहरी जाऊ शकत नाही. पण दृष्ट... मी इथेच काढली तर चालेल? कशी काढतात?"

मग नागपुरातून ठसक्यात आवाज आला. "तू कोण गं? तीच का, खिसे झाडणारी बया?"

"हो," कस्तुरी म्हणाली. "तीच बया."

"मंग घे मुठीत. उतर त्याच्यावरून तीनदा. म्हण, आल्यागेल्याची, शेजारपाजाऱ्याची..."

फोन स्पीकरवर, मूठ हवेत. डॉकवरचे गोरे खलाशी तोंडाचा आ वासून बघतायत आणि कस्तुरी मुठीनं त्याच्याभोवती गोल काढतेय. "आल्यागेल्याची, शेजारपाजाऱ्याची..."

"पेंग्विनांची पण," अनुप पुटपुटला.

"गप रे!" दोघी एकदम म्हणाल्या.

"आता घरी जाऊन जाळ ती," आई म्हणाली. "तडतडली की समज, नजर गेली."

भोंगा वाजला. अनुपनं बॅग उचलली, पुन्हा खाली ठेवली. ओल्या केसांतून त्याच्या कपाळावर पाणी ओघळत होतं. मग कस्तुरीनंच धीर केला. इतके दिवस मनात घोकलेलं वाक्य तिनं डोळे मिटून, मोठ्यानं, अगदी शुद्ध मराठीत म्हटलं,

"अनुप, तू ये परत. मी... मी तुझी वाट लावीन!"

आणि मग फोनमधून नागपूर खदखदून हसलं. "लाव गं पोरी, चांगली लाव! माझ्याच्यानं तर लागलीच नाही त्याची!"

कस्तुरीनं जीभ चावली. अनुप मात्र हसला नाही. त्यानं तिची मोहरीची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि खाली वाकून हलकेच विचारलं, "बघीन... म्हणायचं होतं ना?"

तिनं मान वर केली. पाऊस होता की डोळ्यांतलं पाणी, तिला पुसायची शुद्ध नव्हती.

"दोन्ही," ती म्हणाली. "आधी बघीन. मग लावीन."