दोन श्वासांची गादी

फर्गस टलीला मी चांगला ओळखत होतो, म्हणून सांगतो. लॉन्सेस्टनला एकाच वर्कशॉपमध्ये होतो आम्ही. गादीखाली सारायची एक पट्टी बनवली होती त्याने. ती झोपलेल्याचा श्वास मोजायची, आणि श्वास थांबला की भोंगा वाजायचा. पट्टी चांगली होती. माणूस मात्र दीडशहाणा.

गेल्या जुलैतला तिसरा शुक्रवार, आमच्याकडे ऐन हिवाळा. डेलोरेन गावच्या एनिड कॉर्बेटकडे तो पट्टी लावायला गेला. म्हातारीचा श्वास झोपेत थांबायचा. मागे एकदा शेजारणीने गदागदा हलवलं, म्हणून वाचली होती.

"बाळा, माझ्या शेजारी आमचा रे झोपतो हं," ती म्हणाली. "तुझं यंत्र गोंधळेल."

"रे म्हणजे तुमचे मिस्टर? ते तर वारले ना?"

"वारला की! म्हणून काय झोपायचं नाही त्याने?"

फर्गस तिच्या तोंडावर हसला. म्हातारी कामातून गेलीय, हे मला मुद्दाम फोन करून सांगितलं त्याने.

ती झोपली. हा स्वयंपाकघरात यंत्राच्या पडद्यासमोर बसला, तिनेच दिलेल्या लॅमिंग्टन केकवर ताव मारत. पडद्यावर दोन लाटा उमटत होत्या. एक खोल, संथ, भरदार. दुसरी बारीक, अडखळती.

पलंगावर बाई तर एकच. मग ही बारीक लाट फ्रिजची थरथर असणार, नाहीतर रस्त्यावरच्या ट्रकची. उठून दार उघडून बघायचं? एवढे कष्ट कोण घेणार! त्याने यंत्राला सांगून टाकलं, मोठी लाट तेवढी धर, बारीक सोडून दे. पडदा एकदम स्वच्छ झाला. गाढव स्वतःवरच खूश.

रात्रभर भोंगा वाजला नाही.

उजाडायच्या आधी तो चहा घेऊन आत गेला.

"एनिडबाई, उठा."

…

"एनिडबाई?"

हात लावला. गार. केव्हाचीच गार.

तो पळत पडद्याकडे आला. लाट चालूच होती. खोल. संथ. तेव्हा कुठे त्या शहाण्याला कळलं, आपण कोणाचा श्वास सोडून दिला ते.

त्याने वायर उपटली. पडदा काळा झाला. घरात चिटपाखरू नाही…

तो परत खोलीत गेला. का गेला, कोण जाणे. तिच्या शेजारच्या रिकाम्या उशीला लागून खिडकी होती. काचेवर वाफेचा एक डाग. आतून.

फर्गस बघत राहिला.

वाफ विरली…

पुन्हा धरली.