आतून कडी नसलेली खोली

"पाठ करून बसायचं. वळून बघायचं नाही, हाक मारायची नाही, खाऊ दाखवायचा नाही. तो आपण होऊन येईल. आणि मनात एवढंच म्हणत राहायचं, तुझं जे काही असेल ते मला दे."

प्राण्यांच्या निवाऱ्यात माझ्या आधी हे काम करणाऱ्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी हे सांगितलं. त्या पूर्वी शाळेत शिवण शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना शिवणबाई म्हणत. बोलायच्या इतक्या हळू, की समोरच्याने श्वास आवरून ऐकावं. मला त्यांचं सांगणं पटलं. सकाळी अंघोळ झाली की जप, दिवेलागणीला स्तोत्र, मध्ये कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही, असे माझे साधे नेम आहेत. हा त्यातलाच आणखी एक, असं मी धरून चालले.

निवाऱ्याच्या पुढच्या भागात घरच्या जनावरांची कामं चालतात. कोणाच्या मांजराची नखं कापायची, कोणाचं केसाळ कुत्रं धुऊन विंचरायचं, मालक परगावी गेले की त्यांची जनावरं सांभाळायची. मागे लांब पडवी आहे आणि दोन्ही अंगांना जाळीच्या खोल्या. तिथे सोडून दिलेली, हरवलेली, गाडीखाली सापडून वाचलेली. फिनेलचा, ओल्या कांबळ्यांचा वास. स्टीलची भांडी फरशीवर सतत खणखणत असतात. आम्ही स्वयंसेवक येऊन जमेल ते करतो. कोणी फिरवून आणतं, कोणी भांडी घासतं. मी कमी बोलते, म्हणून मला बसण्याचं काम मिळालं.

फार घाबरलेलं कुत्रं पडवीच्या शेवटच्या खोलीत ठेवतात. तिला जाळी नाही, चारी बाजूंनी भिंत आहे आणि लाकडी दार. आतून कडी नाही. बसणाऱ्याला आत घेऊन बाहेरून कडी घालतात, म्हणजे दाराची उघडझाप होऊन जनावर बिथरत नाही. काम झालं की आतून हलकेच टकटक करायची. बाहेर कोणीतरी असतंच.

माझ्या वाट्याला आलेला तांबूस कुत्रा दिवसभर कोपऱ्यात तोंड खुपसून बसायचा. त्याचं नाव पडलं होतं भिंत्या. अन्नपाणी आम्ही निघून गेल्यावर जेमतेम घ्यायचा. कोणी वेताची खुर्ची सरकवली तरी अंगाखाली ओलं करायचा.

"हा माणसाळला तर मी मिशा उतरवीन," डॉक्टर म्हणायचे. जनावरांचे डॉक्टर, स्वभावाने गप्पिष्ट.

"तुमच्या मिशांना भाव तो काय," पुढच्या भागातली नखं कापणारी म्हणायची, आणि सगळे हसायचे.

मी रोज दुपारी जाऊन त्याच्याकडे पाठ करून बसे. फरशीचा गारवा कमरेत चढे. हातात जपमाळ, मनात शिवणबाईंनी दिलेले शब्द. बरेच दिवस काही घडलं नाही. मग एकदा मानेवर ऊन श्वास जाणवला. मग कोपरापाशी ओलं नाक. आणि एका दुपारी तो वळसा घालून पुढे आला, मांडीवर डोकं टेकलं आणि एक लांब सुस्कारा सोडला. एवढंसं डोकं, पण भलतंच जड होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. देवाचे आभार मानले.

उठून दारापाशी गेले. टकटक करायची होती. मी दारासमोर उभी राहिले आणि तशीच राहिले.

"अहो, टकटक का नाही केलीत?" डॉक्टरांनी अखेर कडी काढली. "किती वेळ झाला! मला वाटलं, समाधी लागली."

"हात अवघडला होता," मी म्हणाले. मला तसंच वाटलं होतं.

भिंत्याला लगेच घर मिळालं. शेपटी हलवत, मागे न बघता गेला. डॉक्टरांनी मिशा ठेवल्याच. त्यानंतर शिवणबाई निवाऱ्यात फिरकल्या नाहीत. त्यांच्या आधी तीच खोली सांभाळणाऱ्या बाईही अशाच यायच्या बंद झाल्या होत्या, असं नखं कापणारीकडून कळलं. लोक दमतात, ती म्हणाली.

घरात मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघीच. दोघींचे यजमान गेले, मग दोन चुली कशाला म्हणून एकत्र राहिलो. तिचा देवावर फारसा विश्वास नाही, पण माझ्या जपाच्या वेळी ती पायसुद्धा वाजू देत नाही.

एका सकाळी अंघोळ करून मी मोरीच्या दारापाशी उभी होते. दार नुसतं लोटलेलं होतं.

"जाऊबाई, आत तीर्थयात्रा चाललीय का?" बाहेरून जाऊ म्हणाली.

"दार उघड गं."

"उघडंच आहे की. ओढा."

मी दाराकडे बघितलं. पिवळा रंग, मूठ, मुठीवरचा ओलावा. सगळं दिसत होतं. पण त्याचं काय करायचं असतं ते मला सापडेना. दार ही पलीकडच्या माणसाने उघडायची गोष्ट आहे, एवढंच मला ठाऊक होतं, आणि ते इतकं स्वच्छ ठाऊक होतं की भीतीही वाटली नाही. भीती नंतर वाटली. ओला टॉवेल खांद्यावर घेऊन मी केव्हापासून उभी होते आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं, हे लक्षात आलं तेव्हा.

जाऊने दार लोटलं. माझ्याकडे बघून तिचं हसू मावळलं.

त्या दिवशी तिने माझा हात धरून बाहेरच्या दाराच्या कडीवर ठेवला. "हे असं. वर उचलायचं, सरकवायचं." माझी बोटं मिटलेलीच राहिली. तिने एकेक बोट उलगडलं. सोडलं की ती पुन्हा आत वळायची. एरवी त्याच बोटांनी मी वाती वळते, सुईत दोरा ओवते. माणसांच्या डॉक्टरांनी नसा तपासल्या, मान तपासली, सगळं ठीक आहे म्हणाले. तपासणीच्या खोलीतून मी बाहेर यावं म्हणून त्यांनाच दार उघडावं लागलं.

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. जावई बोटीवर, नव्या गावात ओळखपाळख नाही.

"आई, तू आलीस की मी सुटले. मला कळा सुरू झाल्या तर तू खाली धावशील, शेजारच्यांना बोलावशील. मी एकटीच काय करू? येशील ना नक्की?"

"येते गं. शब्द देते."

फोन ठेवला आणि समोरच्या बंद दाराकडे बघत बसले. माझी लेक आत विव्हळतेय आणि मी दारासमोर उभी आहे, कोणीतरी बाहेरून येईल म्हणून. हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. जप करतानाही हलेना.

जाऊला बरोबर घेऊन मी शिवणबाईंचं घर गाठलं. जाऊचे गुडघे दुखतात, ती जिन्यातच बसली. घराचं दार सताड उघडं होतं. आत एक सुतार आतल्या खोलीच्या चौकटीला दार बसवत होता. बाकीची दारं भिंतीला टेकून उभी होती. न्हाणीघराचं, माळ्याचं, कपाटांची इवलीशी. सगळ्यांच्या बिजागऱ्या निघालेल्या.

"रंगवायला काढली होती का?" मी विचारलं.

"नाही," शिवणबाई म्हणाल्या. त्यांनी नुकतंच बसवलेलं एक दार लोटून घेतलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लोटलं. मूठ सोडवत नव्हती त्यांना. "तुझ्या कुत्र्याने मांडीवर डोकं ठेवलं, त्या दुपारी मी एकटी जिना उतरून खाली गेले. कोपऱ्यापर्यंत जाऊन आले."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला बसवणारीने जेवढं सांगितलं, तेवढंच मी तुला सांगितलं." त्यांचा आवाज तसाच मृदू होता. "शेवटच्या खोलीत दुसरं आलं असेलच."

"आलंय. काळी कुत्री आहे."

"मग कोणाला तरी बसव."

सुताराची हातोडी थांबली होती.

"आणि मग त्या बसणारीचं काय?" मी म्हणाले.

शिवणबाईंनी दाराची मूठ सोडली. मला पोहोचवायला दारापर्यंत आल्या, पण उंबऱ्याबाहेर आधी स्वतः पाऊल टाकलं, आणि एक क्षण डोळे मिटून तिथे उभ्या राहिल्या.

जिना उतरताना जाऊने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही. सुतार होता घरात, बोलणं झालं नाही."

"हं," जाऊ म्हणाली. दार सताड उघडं असलेल्या घरातलं बोलणं जिन्यात स्वच्छ ऐकू येतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मी ठरवलं, कोणाला बसवायचं नाही. आपल्या गळ्यातलं दुसऱ्याच्या गळ्यात घालून मी देवापुढे कोणत्या तोंडाने बसू? लेकीला फोन लावला, दुसरी काही सोय बघ म्हणून सांगायला. तिने पलीकडून नुसतं "आई" म्हटलं आणि रडू लागली. माझ्या तोंडून पुन्हा तेच गेलं, येते.

दुसऱ्या सकाळी मी जपाला बसले होते. मागे चपला वाजल्या. माझ्या जपाच्या वेळी कधी न वाजणारे पाय.

"जाऊबाई, तुमचं चालू द्या," जाऊ दारातून म्हणाली. "मी जरा निवाऱ्यात जाऊन येते. तुमच्या जागी बसते. तुम्ही मागे सांगितलं होतंत सगळं, लक्षात आहे माझ्या."

आणि दार ओढून घेतल्याचा, आतली कडी आपोआप खटकन पडल्याचा आवाज आला.

जन्मात पहिल्यांदा मी माळ अर्धी टाकून उठले. दारापाशी धावले. दार बंद होतं.

मी तिला हाक मारली. जिन्यावरून तिचे पाय एकेक पायरी उतरत होते. ती थांबली नाही.

कडी माझ्या छातीच्या उंचीवर होती. मी तिच्याकडे बघत होते. सकाळचं ऊन तिच्यावर पडून ती चकाकत होती.

मी दारावर हात आपटला. मऊ आवाज आला.

पुन्हा आपटला. मग दाराखालच्या फटीशी वाकले. बाहेरची हवा आत येत होती, तिला जिन्यातल्या धुळीचा वास होता आणि जाऊच्या चपलांचा. तो वास मला कसा कळला, कोण जाणे. मी तिथेच फरशीवर बसले, नाक फटीशी लावून.

ऊन दारावरून सरकून भिंतीवर गेलं.

देवापुढचा दिवा विझला.

मग, काही झालं नाही, कुठे काही वाजलं नाही, पण माझा हात उचलला गेला. बोटं सरळ झाली. मी कडी काढली, दार उघडलं आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. इतकं सोपं होतं. मी तिथेच कठड्याला धरून रडले. रडताना मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटत होती.

संध्याकाळी डॉक्टर तिला गाडीतून सोडायला आले. गाडीचं दार त्यांनीच उघडलं.

"काय हो तुमच्या जाऊबाई! एका बैठकीत काळी मांडीवर. असं मी आजवर पाहिलं नाही."

"मेली घोरतसुद्धा होती," जाऊ हसून म्हणाली. तिच्या साडीवर काळे केस होते.

डॉक्टर गेल्यावर मी म्हणाले, "मी लेकीकडे जात नाही. उद्या जाऊन त्या खोलीत मीच बसते."

"खोली रिकामी आहे आता. दुसरं येईल तेव्हा येईल. आणि पोरगी तोवर थांबणार आहे का?" तिने माझ्या गालावर हात ठेवला. "मला तिची काकू म्हणतात ना? मग. मला कुठे जायचं असतं हो? भाजीवाला खालून हाक मारतो, टोपली दोरीने सोडायची. तुम्ही नातवंडाला घेऊन या."

"बाळाला तेल-पाणी करून मी लगेच येते. आले की आधी निवाऱ्यात जाते, मग घरी."

"बरं, बरं. आधी जा तर."

सकाळी माझा जप होईपर्यंत ती पायाचा आवाज न करता माझी पिशवी भरत होती. शेजारणीला दोन वेळा डोकवायला सांगून आले. जाऊ मला पोहोचवायला दारापर्यंत आली, चपला घालून, कोपऱ्यापर्यंत येते म्हणत. दार लोटलेलं होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली. शांतपणे, मान किंचित कलती करून.

मी दार उघडलं.

"इथूनच निरोप घेते," ती म्हणाली. "गुडघे धरलेत."

मी तिच्या पाया पडले. मी थोरली, ती धाकटी. तिने पाय मागे घेतले नाहीत.

जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले तेव्हा तिने हाक मारली. आवाज अगदी हळू होता, तिचा नव्हेच असा.

"जाऊबाई, दार उघडंच राहू द्या हं."

मी परत वर गेले. वाऱ्याने लागू नये म्हणून जिन्यातली एक वीट आणून दाराला टेकवली, पायाने घट्ट सारली, हलवून बघितली. मग पिशवी उचलली आणि लेकीकडे निघाले.